सिस्टरच्या नावावरची नोंद

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. बायकोला एकदा सांगितली, पण अर्धीच, आणि तीही अशा बेताने की ऐकणाऱ्याला माझीच कीव यावी. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहाने आठवणी लिहायला घेतल्या. बदल्या लिहिल्या, साथीचे दिवस लिहिले, सापाच्या केसेस लिहिल्या, पुराच्या पाण्यात ट्रॅक्टरवर केलेलं बाळंतपण लिहिलं. या प्रसंगापाशी आलो की मात्र सरळ पुढच्या वर्षावर उडी मारायचो. आता वय असं झालं आहे की उडी मारायला पुढे फारशी वर्षं शिल्लक नाहीत. म्हणून लिहितो.

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडे, एका तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी होतो. नोकरीची शेवटची वर्षं होती. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. माझं लिहायला माझी हरकत नव्हती, पण त्यावरून बाकीच्यांची ओळख पटेल.

कापसाची ती वाईट वर्षं. मला शेतीतलं फार कळत नाही. आमच्या घराण्याचं आयुष्य कचेऱ्यांमध्ये गेलं. मला कापूस दिसायचा तो ओपीडीच्या टेबलावरून. बोंडअळी आली की फवारण्या वाढायच्या, आणि फवारण्या वाढल्या की आमच्याकडे माणसं यायची. डोळे चुरचुरणारी, मळमळणारी, चालताना झोक जाणारी. एका वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारणारा खालून वर नळी धरायचा आणि औषध त्याच्याच अंगावर गळायचं. संध्याकाळी तो न्हायचा, भाकर खायचा आणि सकाळी पुन्हा पंप पाठीवर घ्यायचा. आमच्याकडे यायचा तो अगदीच उभं राहवेना तेव्हा.

अशा माणसाच्या कागदावर 'विषबाधा' लिहिलं की ती एमएलसी होते, म्हणजे पोलिसांना कळवावं लागतं. पोलीस येतात, जबाब घेतात. पोलिसांचा पहिला प्रश्न ठरलेला: फवारताना लागलं, की प्याला? त्या प्रश्नाचं उत्तर काहीही असो, प्रश्न विचारला गेला एवढं गावाला पुरे व्हायचं. बायकोने भांडण केलं असेल, आतबट्ट्यात आला असेल, बाटली तोंडाला लावली असेल. माणूस बरा होऊन घरी गेला तरी हे त्याच्या मागे लागायचं. म्हणून नातेवाईक हात जोडायचे, आणि आम्ही 'उलट्या-जुलाब' लिहायचो. उपचार मात्र विषबाधेचाच करायचो. पुढे पाठवायची वेळ आली तर जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात फोन करून खरं काय ते तिथल्या डॉक्टरच्या कानावर घालायचो. कागदावर एक आणि कानात एक. ही आमची जुनी पद्धत होती. कुणी शिकवली नव्हती आणि कुणाला तिची लाजही वाटत नव्हती. मला तर तो माणुसकीचा भाग वाटायचा.

मग कॉम्प्युटरची नवी पद्धत आली. प्रत्येक रुग्णाला एक नंबर. तो नंबर घातला की त्याची आमच्याकडची नोंद मोठ्या दवाखान्यात दिसणार आणि तिथली आमच्याकडे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचं प्रशिक्षण झालं. मी गेलो होतो. मागच्या रांगेत बसलो, जेवण चांगलं होतं, आणि शिकवणारा मुलगा माझ्या मुलापेक्षाही लहान होता, एवढंच त्यातलं माझ्या डोक्यात राहिलं. प्रत्येकाने आपापला पासवर्ड करून घ्यायचा होता. मी केला आणि आठवड्यात विसरलो. नवा मिळवायला फोन करावा लागायचा, तिथे कुणी उचलायचं नाही. खरं म्हणजे मी फारसा प्रयत्नही केला नाही.

ओपीडीत एकच मशीन होतं. नेट इतकं मंद की एकदा उघडलेलं बंद करायला कुणी धजायचं नाही. सकाळी जो आधी येईल तो आपल्या नावाने उघडायचा, आणि मग दिवसभर सगळे त्याच्याच नावावर लिहायचे. डॉक्टर, नर्स, औषधवाले, सगळे. सुरुवातीच्या त्या दिवसांत कुणी काय लिहावं याला मशीनमध्ये कसली आडकाठीही नव्हती. रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, "आज कोणाचा दिवस?"

बहुतेक वेळा तो सिस्टरचा असायचा. ती आमच्याकडे कंत्राटी नर्स होती. दिग्रसकडची माहेरची, नवऱ्याचं शिवणकामाचं छोटं दुकान, एक मुलगी शाळेत. घर तिच्या पगारावर चालायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ती ते लपवत नसे. कंत्राटी माणसाला अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते. ती संपली की एक दिवस घरी बसायचं आणि पुढच्या ऑर्डरची वाट बघायची. तो एक दिवस तिला फार जड जायचा. कामाला चोख होती आणि जिभेला तिखट.

"सर, तुमचं टायपिंग म्हंजे कोंबडीनं दाणे टिपल्यासारखं आहे," ती म्हणायची. "एक टिपता, मान वर करता, मंग दुसरं टिपता."

"मग तुम्हीच टाईप करत जा."

"मी टाईप करू, मी सलाइन लावू, मी बाळंतपण करू. मंग तुम्ही काय करून राह्यले जी?"

"मी तुमच्या ऑर्डरवर शेरा लिहितो."

"हां, तेवढं ब्येस लिहा बाप्पा," म्हणून ती हसायची.

आपल्या नावाने दिवसभर सगळे लिहितात याची तिला काळजी वाटायची. एकदा तिने मला म्हटलंही, "सर, तुमचं तुम्ही उघडत जा ना. उद्या काही झालं तर मले विचारतील." मी म्हटलं, "काही होत नाही. झालं तर मी आहे ना." हे वाक्य मी बोललो. ते मला नीट आठवतं.

तो दिवस भाद्रपदातला होता. बाजाराचा वार, त्यामुळे ओपीडी तुडुंब. दोघं जण एका तरुण मुलाला दोन्ही बाजूंनी धरून आत घेऊन आले. एक त्याचा मोठा भाऊ होता, दुसरा शेजारी. मुलगा दुसऱ्यांच्या शेतात रोजाने फवारणी करायचा. तोंडातून लाळ, अंग घामाने चिंब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बघताक्षणी कळण्यासारखं होतं. सिस्टरने त्याचे कपडे काढून त्याला धुवायला घेतलं, मी ॲट्रोपिन सुरू केलं. त्या विषावरचं आमच्याकडचं ते मुख्य औषध.

मुलाला जरा उतार पडला तसा मोठा भाऊ माझ्या टेबलाशी आला.

"सायेब, पोलीस केस नका करू जी."

"करावी लागते."

"त्याचं लगन जुळलं हाय सायेब. दिवाळीनंतरचं. पोरीकडचे लोक मारेगावकडचे, लई कडक हायेत. तिकडं कळलं का पोलीस आलते, त म्हणतील पोट्टा प्याला."

"प्याला नाही ना?"

"नाही जी! माह्या डोळ्यासमोर फवारत होता. तुमच्या पाया पडतो."

तो खरंच वाकला. मी त्याला दंडाला धरून उठवलं. तेव्हा मला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

मशीन सिस्टरच्या नावाने उघडलेलं होतं. ती आत मुलाजवळ होती. मी तिच्या खुर्चीत बसलो आणि एका बोटाने टाईप केलं: उलट्या, जुलाब, अशक्तपणा. औषधांच्या रकान्यात सलाइन आणि उलटीचं इंजेक्शन लिहिलं. ॲट्रोपिन लिहिलं असतं तर वरचं खोटं तिथेच उघडं पडलं असतं. म्हणून ते लिहिलं नाही.

मुलगा आमच्याकडे ठेवण्यासारखा नव्हता. श्वास देणाऱ्या मशीनची आमच्याकडे काही सोय नव्हती. ॲम्ब्युलन्स बोलावली. निघताना ड्रायव्हरने विचारलं, "सायेब, कागद?"

"आता कागद नाही. नंबर सांग, तिथे स्क्रीनवर सगळं दिसतं."

"ब्येस झालं," तो म्हणाला. "मले सांगाचं काम नाही."

मला फोन करायचा होता. मोठ्या दवाखान्यात माझा ओळखीचा डॉक्टर निवृत्त झाला होता, नवीन कोण आहे ते विचारून फोन लावायचा होता. बाहेर रांग होती. एका म्हातारीचा खोकला, एका बाळाचा ताप, एकाला रजेचं सर्टिफिकेट. रांग संपली तेव्हा दुपार टळली होती. मी डबा खाल्ला. पंख्याखाली जरा डोळा लागला. फोन राहिला.

पुढे जे झालं ते डॉक्टर नसलेल्या वाचकाला समजावून सांगायला हवं. ॲट्रोपिन दिलं की त्या विषाची खूण पुसते. बारीक झालेली बाहुली मोठी होते, लाळ आटून तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, माणूस बडबडतो. मुलगा मोठ्या दवाखान्यात पोचला तो असा. डोळे टक्क उघडे, अंग गरम, काहीबाही बोलणारा. तिथल्या तरुण डॉक्टरने नंबर घातला. स्क्रीनवर उलट्या-जुलाब, सलाइन. विषाचा शब्द नाही, ॲट्रोपिनचा शब्द नाही. त्याने भावाला विचारलं, काही औषध-बिषध पोटात गेलं का? भाऊ नाही म्हणाला. आमच्याकडे लपवलेलं तो तिथे कसं उघडं करणार? डॉक्टरने मेंदूज्वर धरला आणि त्या दिशेने तपासण्या सुरू केल्या. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. ॲट्रोपिनचा जोर ओसरला तसा मुलाचा श्वास थांबत आला.

दिवेलागणीला माझा मोबाईल वाजला.

"सर, तुमच्याकडून आलेला पेशंट, नोंदीत गॅस्ट्रो आहे. पण याच्या केसांना औषधाचा वास येतोय. फवारणीचा आहे का?"

"हो."

"ॲट्रोपिन दिलं होतं?"

"हो, दिलं होतं."

मग तो इतकंच म्हणाला, "सर, नोंद दुरुस्त करा," आणि फोन ठेवला. त्या पोराने मला शिवी दिली असती तरी चाललं असतं.

मुलगा वाचला, हे आधीच सांगतो. बरेच दिवस मशीनच्या श्वासावर होता. घशातल्या नळीने त्याचा आवाज कायमचा बसला. लग्न पुढे ढकललं, पण मोडलं नाही असं नंतर कानावर आलं. त्याचा भाऊ मला पुन्हा भेटला नाही आणि त्याने माझ्याबद्दल कुठे तक्रारही केली नाही. त्याला वाटत असावं की आपणच मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरला सगळं सांगितलं. ती हातातलं काम टाकून ऐकत होती.

"आई गं," ती म्हणाली. "मंग आता?"

"नोंद दुरुस्त करायची आहे. तुमचं उघडलं आहे ना? त्यातच करून टाका."

"काय लिहू?"

"जे खरं ते. विषबाधा. ॲट्रोपिन दिलं ते वेळेसकट."

तिने किबोर्डवरचा हात उचलला. "सर, हे तुम्ही लिहा ना तुमच्या नावानं."

"माझा पासवर्ड चालत नाही, माहीत आहे तुम्हाला. लवकर करा, तिकडे ते वाट बघताहेत."

तिने लिहिलं. मी तिच्या मागे उभा राहून सांगत होतो. तिकडे त्या दुरुस्तीची वाट कुणी बघत नव्हतं. त्यांना कळायचं ते फोनवर कळलं होतं. मला फक्त ती नोंद डोळ्यासमोरून जायला हवी होती. मशीनमधलं जुनं पुसलं जात नाही, जुन्याखाली नवं बसतं आणि दोन्हींच्या पुढे लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ राहते, हे प्रशिक्षणात सांगितलं असणार. मी मागच्या रांगेत होतो.

त्या हंगामात फवारणीचे रुग्ण इतके झाले की वरून साहेब लोकांच्या गाड्या येऊ लागल्या. प्रत्येक केसचा हिशोब मागितला गेला. त्यात ही केस वर आली: आधी गॅस्ट्रो, मग एका दिवसाने विषबाधा, दोन्ही नोंदी एकाच कंत्राटी नर्सच्या नावावर. वाचणाऱ्याला त्याचा एकच अर्थ लागत होता. बाईने डॉक्टरला न विचारता निदान लिहिलं, आणि रुग्ण मरायला टेकल्यावर घाबरून बदललं.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी घरी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. विभागीय चौकशी लागली की पेन्शन अडकते, अशी दोन-चार उदाहरणं माझ्या डोळ्यासमोर होती. बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरायचं होतं. मी खोटं बोलणार नव्हतो. 'मी टाईप केलं नाही' असं म्हणायचं नाही, हे ठरवलं. मग काय म्हणायचं याचा विचार करत बसलो, आणि एक वाक्य सापडलं. हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. तिला सांगताना मी म्हटलं होतं, 'ऐनवेळी तोंडातून निघून गेलं.' निघून गेलं नव्हतं. मी ते शोधून ठेवलं होतं.

चौकशीचे साहेब माझ्या खुर्चीत बसले. मी बाजूच्या स्टुलावर, सिस्टर समोर उभी. तिला कुणी बसायला सांगितलं नाही. मीही नाही.

"हे लॉगिन तुमचं?"

"हो जी."

"नर्सला निदान लिहायचा अधिकार आहे का?"

"नाही जी."

"मग?"

"साहेब, सकाळी एकाचं उघडतो न् दिवसभर सगळेच लिहितात. नेट येत नाही ना."

"सगळे म्हणजे कोण? त्या दिवशी त्या वेळेला खुर्चीत कोण होतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. घाबरून नाही, अगदी सहज. रांगेत आपला नंबर आला की पुढचा माणूस बाजूला होतो, तो होईल म्हणून आपण बघतो, तसं. "सर सांगतील," ती म्हणाली.

साहेब माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, "बाजाराचा दिवस होता, फार गर्दी होती. कुणी टाईप केलं ते आता नेमकं आठवत नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. सिस्टर बोलेल, ओरडेल, असं मला वाटत होतं आणि ती ओरडली असती तर मी कदाचित कबूलही केलं असतं. आज लिहिताना दिसतं की हेही मी तिच्यावरच टाकत होतो.

साहेब गेल्यावर ती मला औषधांच्या खोलीपाशी भेटली.

"सर, एक विचारू?"

"विचारा."

"माह्या घरी विचारतील काहून काढलं. मी काय सांगू? आठवत नाही म्हणून सांगू?"

"अजून कुठे काढलंय? मी शेरा चांगला लिहीन."

"लिहा," ती म्हणाली. "त्याच्यावर सही तरी तुमच्या नावानं कराल का?"

ती गेली. मी खोलीत उभा राहून सलाइनची खोकी मोजत असल्यासारखं केलं, कारण दारात फार्मासिस्ट येऊन उभा होता.

शेरा मी खरंच चांगला लिहिला. 'अत्यंत प्रामाणिक व कार्यक्षम' असं लिहिलं आणि आपण आपल्या बाजूने करायचं ते केलं, असं समाधान करून घेतलं. तिची ऑर्डर संपली त्यानंतर नवीन आली नाही. पहिले काही दिवस ती रोज सकाळी येऊन आवक खिडकीवर विचारून जायची. मग येणं थांबलं. तिच्या जागी आलेली मुलगी शांत होती. सगळ्यांसाठी वेगवेगळे पासवर्ड सक्तीचे झाले. मलाही माझा मिळाला, एका फोनमध्ये. तो आधीही मिळाला असता.

मी निवृत्त झालो. पेन्शन वेळेवर सुरू झाली. यवतमाळला घर बांधलं होतं तिथे राहायला आलो. बायकोचं ऑपरेशन झालं. सगळं ठरल्याप्रमाणे होत गेलं.

काही वर्षांनी कळलं की सिस्टर राजूरकडे एका खासगी दवाखान्यात आहे. कोळशाच्या खाणीतली माणसं तिथे जास्त येतात. मध्ये ती कुठे होती, घर कसं चाललं, याची मी चौकशी केली नाही. एके दिवशी बायकोला 'वणीला एकाकडे जाऊन येतो' म्हणून सांगितलं आणि बसने निघालो. वाटेत दोन्ही बाजूंना कापूसच होता. काय बोलायचं ते मनात बांधत होतो. वणीला उतरून ऑटो केला.

ती काउंटरमागे कॉम्प्युटरपुढे बसली होती. केस पांढरे झाले होते. मला बघून उठली.

"सर? तुम्ही कसे जी इकडं? बसा ना. कोणाले दाखवाचं आहे?"

मी म्हटलं, "मलाच. बीपी बघून घ्यावं म्हटलं."

"यवतमाळात बीपीचं मशीन नाही का?" ती हसली. पण लगेच पट्टा आणून माझ्या दंडाला गुंडाळला. बीपी जास्त होतं. ते असणारच होतं. तिने माझं नाव, वय टाकलं. जुने आजार विचारले, ते टाकले. मध्येच आतून कुणीतरी हाक मारली. ती स्क्रीन बंद करून उठली, आत जाऊन आली, पुन्हा पासवर्ड घालून बसली. थोड्या वेळाने पुन्हा उठली, पुन्हा बंद केलं.

"दरवेळी बंद करता?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"हो जी. इथले डॉक्टर चिडतात. म्हणतात बाई, कितीदा उघडझाक करता. मी म्हणते चिडा बाप्पा, चिडून घ्या." माझ्याकडे न बघता तिने हे सांगितलं, आवाजात काहीही न आणता. मग म्हणाली, "मुलगी नागपूरले आहे आता. नर्सिंगच करून राह्यली. मी नको म्हणत होती." मी 'छान' म्हटलं.

"अजून काही सांगाचं आहे का सर? डॉक्टरले सांगाचं असंल तर टाकून ठेवते."

मी तोंड उघडलं. माझ्या मागे एक खाणकामगार बसला होता, खोकत होता. त्याच्यासमोर कसं बोलायचं, असं स्वतःला सांगितलं. तो नसता तर दुसरं काही सांगितलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "बाकी ठीक आहे."

तिने तसं टाईप केलं. डॉक्टरने गोळी वाढवून दिली. निघताना ती दारापर्यंत आली, पायरी उंच आहे म्हणून मला हात दिला, आणि ऑटोवाल्याला म्हणाली, "बुढ्या माणसाले नीट ने रे, खड्डे पाहून."

ती अजून तिथेच आहे. यवतमाळहून वणीची बस दिवसभर असते. त्यानंतर एकदा मी स्टँडपर्यंत गेलो, बस लागलेली होती, खिडकीशी जागाही होती. मी बाकावर बसून राहिलो आणि ती सुटल्यावर घरी आलो. वरच्यांना पत्र लिहून ती नोंद माझ्या नावावर करून घ्यावी असंही मनात आलं. पण त्या पत्राआधी तिला तोंडाने सांगायला हवं, नाहीतर तेही पुन्हा तिच्या पाठीमागे केलेलं काम होईल. म्हणून पत्रही लिहिलेलं नाही. हा माझा आणखी एक बहाणा असू शकतो, आता मला त्यातला फरक करता येत नाही.

राजूरला त्या काउंटरपाशी मला जे म्हणायचं होतं ते असं होतं:

सिस्टर, त्या पोराची पहिली नोंद मी लिहिली. तुम्ही आत त्याचं अंग धुवत होता. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही नको म्हणत असताना ती मी तुमच्या हाताने बदलून घेतली. साहेबांनी विचारलं तेव्हा मला सगळं आठवत होतं. आणि न आठवण्याचं मी आदल्या संध्याकाळीच ठरवलं होतं. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. मला माफ करा असं म्हणत नाही, ते तुमच्यावर आणखी एक ओझं होईल. माझं चुकलं, सिस्टर.